अण्णा भाऊ साठे : दुःखाचे कारण विचारणारा शाहीर



मागच्या अशोक विजयादशमीला आमच्या भागातील काही मातंग कुटुंबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा झाल्या, देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले, दारावरचा नारळ उतरला. त्यातल्या एका घरचा मुलगा माझ्या वर्गात नववीला आहे. आठ दिवसांनी तो शाळा सुटल्यावर थांबला आणि म्हणाला की, घरात दोन गोष्टींवरून तंटा लागला आहे. पहिली गोष्ट आजोबांची हलगी. ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली आहे. वडील म्हणतात, ही गुलामीची खूण, हिला चुलीत घाला. दुसरी गोष्ट भिंतीवरची तसबीर. तथागत आणि बाबासाहेब यांच्या शेजारी अण्णा भाऊ साठे आहेत. आजीचा सवाल असा की, ज्यांनी धम्म घेतला नाही आणि शेवटी दारूने ज्यांचा देह पोखरला, त्यांची तसबीर पंचशील घेतलेल्या घरात कशाला?

सवाल आजीचा असला तरी तो खोटा नाही. त्याला टाळून अण्णा भाऊंचे गुणगान गाता येईल, आणि जयंतीच्या व्यासपीठांवर ते दरवर्षी गायले जाते. मी मात्र या मुलाला जे सांगितले तेच येथे लिहितो. ते एका बैठकीत सांगून झाले नाही.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म 1 ऑगस्ट 1920, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. त्या काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आज सांगली जिल्ह्यात आहे. वारणेचे खोरे हिरवेगार, पण मांगवाड्याच्या वाट्याला त्यातले काय यायचे? दोर वळायचा, केरसुणी बांधायची, सवर्णांच्या लग्नात आणि देवाच्या पालखीपुढे वाजवायचे, आणि बदल्यात मिळेल तो तुकडा घ्यायचा. त्यातच इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मालाच गुन्हा ठरवणारा हा कायदा. मनुस्मृती जे धर्माच्या नावाने करीत होती ते साहेबाने सरकारी शिक्क्याने केले, एवढाच फरक. तो रद्द व्हायला 1952 साल उजाडावे लागले.

तुकाराम शाळेत गेला तो दीड दिवस. मास्तरांच्या छडीने आणि जातीच्या टोमण्याने त्याची शाळा संपली. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हा दीड दिवस मला नेहमी टोचतो. ज्याच्या पुस्तकांवर आज विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात, त्याला अक्षर शिकवण्याचे श्रेय कोणत्याही शाळेला घेता येत नाही.

1931 च्या सुमारास भाऊरावांनी बायकापोरांसह मुंबईची वाट धरली. गाडीभाडे नव्हते. तीनशेहून अधिक किलोमीटरची ती वाट हे कुटुंब पायी चालले. वाटेत मिळेल तेथे काम करायचे, दोन दिवस पोट भरायचे, पुन्हा चालायचे. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबीच्या चाळीत बिऱ्हाड लागले. पोराने काय काय केले याची यादी लांब आहे. हमाली केली, कपडे विकणाऱ्या फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, हॉटेलात कपबश्या विसळल्या, कोळसे वेचले, गिरणीत झाडू मारला आणि पुढे त्रासन खात्यात काम केले. याच मुंबईने त्याला अक्षरओळख करून दिली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भली मोठी चित्रे हीच त्याची अंकलिपी. एकेक अक्षर लावीत तो वाचायला शिकला. याच दिवसांत त्याने लाल बावट्याच्या मिरवणुका पाहिल्या, संपातल्या सभा ऐकल्या, आणि आपल्यासारखे उपाशी हजारोंनी आहेत हे त्याला कळले.

मध्यंतरी कुटुंब गावी परतले. तेथे चुलत भाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, त्यात अण्णा भाऊ शिरले. गळा होता, पाठांतर तर विलक्षण होते. 1942 च्या चळवळीत साताऱ्याचे रान पेटले, तेव्हा तेही त्यात होते. पुढे ते पुन्हा मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहू लागले. ही वस्ती मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. येथे बाबासाहेबांना मानणारे कामगार होते आणि लाल बावट्याचे कार्यकर्तेही होते. एकाच नळावर दोघांच्या घागरी भरत होत्या.

या वस्तीत अण्णा भाऊंनी आरंभीच जे कवन रचले ते मच्छरांवर होते. डासांचा पोवाडा! ऐकून हसू येते. परंपरेने पोवाडा व्हायचा तो राजांचा, सरदारांचा, लढायांचा. पण गटाराच्या काठावर ज्याला रात्रभर झोप लागत नाही त्याचा वैरी कोण? अफझलखान नव्हे. मला वाटते अण्णा भाऊंची सगळी वाट या एका कवनात दिसते. डास चावतो ते दुःख. आपल्या बापजाद्यांना त्या दुःखाचे कारण काय म्हणून सांगितले गेले? मागल्या जन्मीचे पाप, सटवाईचे लिखाण, देवाची मर्जी. गटार कोणी उपसले नाही, हे कारण कोणी सांगितले नाही. अण्णा भाऊंनी गटाराकडे बोट दाखवले.

नवदीक्षित बंधूंना येथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. गरिबाच्या आजच्या हालांना त्याच्या पूर्वजन्मीचे कर्म कारण आहे, ही कल्पना बाबासाहेबांनी त्यात साफ नाकारली आहे. जगात दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण माणसाला दूर करता येते, हा धम्माचा पाया. अण्णा भाऊंनी तो ग्रंथ वाचून मच्छरांचा पोवाडा रचला नाही. पोवाडा आधीचा आहे, ग्रंथ नंतरचा. पण ज्याला आपल्या दुःखाचे कारण आभाळात नव्हे तर जमिनीवर शोधायची सवय लागली, तो आपल्या वाटेच्या फार दूर नसतो.

दुसरे महायुद्ध चालू होते. व्होल्गेच्या काठी स्टालिनग्राडला हिटलरची फौज अडली आणि मोडली. 1943 साली लेबर कॅम्पातल्या या शाहिराने त्यावर पोवाडा केला. ज्याने मुंबईपलीकडचे जग पाहिले नव्हते, त्याने रशियाची लढाई गिरणीच्या दारात उभी केली. त्याच सुमारास बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसे अन्नावाचून मेली; त्यावर ‘बंगालची हाक’ लिहिली. 1944 साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. बार्शीकडचा एक मुसलमान, वाटेगावचा एक मांग आणि गव्हाणकर, अशी ही तीन माणसे डफ-तुणतुणे घेऊन महाराष्ट्रभर फिरली. त्यांच्या पोवाड्यांना जी गर्दी व्हायची ती मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही दुर्मीळ होती.

आता हलगीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो येथेच सुटू लागतो.

तमाशाची रीत अशी की, आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या आणि मथुरेला निघालेल्या गौळणी. त्यानंतर बतावणी आणि वग. अण्णा भाऊंनी ही रीत सगळीच मोडली नाही. डफ ठेवला, ढोलकी ठेवली, सोंगाड्या ठेवला, लावणीची चाल ठेवली. गणातला गणपती मात्र उठवला आणि त्या जागी मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना वंदन केले. गवळण काढून टाकली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी आणि गावचा शेतकरी आणला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्या वगांची नावे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि या कलापथकाच्याही मागे पोलीस लागले. तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हटले. नाव बदलले, खेळ चालू राहिला. आज मराठीत लोकनाट्य हा शब्द सर्रास चालतो. तो रुळण्यामागे पोलिसांचा ससेमिरा होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईवरची त्यांची लावणी तर हरएक चाळीत पोचली. पठ्ठे बापूरावांनी पूर्वी मुंबईच्या थाटामाटाची, तिच्या दौलतीची लावणी केली होती. पठ्ठे बापूराव मोठे शाहीर, त्यांच्याबद्दल अनादर नाही. पण त्यांना मुंबईची रोषणाई दिसली. अण्णा भाऊंनी त्याच चालीच्या परंपरेत उत्तर दिले आणि एकीकडे मलबार हिलचे बंगले, दुसरीकडे परळचे उपाशी कामगार, असे एकाच शहराचे दोन तुकडे दाखवले. शहर एकच आणि लावणीही लावणीच, पण ती गाणारा तळाच्या खोलीत राहत होता.

म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांना विचारले की, हलगीचा गुन्हा काय? ती पाटलाच्या दारात वाजली म्हणून ती गुलाम झाली. वाजवणाऱ्याला ना म्हणायची सोय नव्हती, गुलामी तेथे होती. त्यांना हे पटले नाही. ते म्हणाले की, तुम्हाला त्या वाद्याबरोबर उष्टे ताट दिसत नाही, मला दिसते. मी गप्प राहिलो. आमच्या घरात वाद्य नव्हते. मेलेले ढोर ओढायचा दोर होता, आणि तो आजोबांनी 1956 नंतर जाळला. त्या दोराबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही. तेव्हा हलगीबद्दल दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी मी दोनदा विचार करायला हवा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर हे शाहीर आघाडीवर होते. त्या काळात मुंबईत गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. अण्णा भाऊंनी गावाकडे राहिलेल्या मैनेची छक्कड रचली. वरवर पाहता ती पोटासाठी मुंबईला आलेल्या गरीब नवऱ्याची विरहव्यथा आहे. घरात बायकोच्या अंगावर दागिना नाही, गाडीत बसताना तिची समजूत घालता येत नाही. ऐकणारा गिरणीकामगार डोळे पुसायचा, कारण ही त्याचीच कथा होती. पण गाणे पुढे सरकते तसे लक्षात येते की, मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि ती मैना बाहेरच राहिली. घरचे दुःख आणि राजकारणाचे दुःख येथे एकाच दोरीत वळले आहे. दोर वळणे हे त्यांच्या पूर्वजांचे काम होतेच.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला सव्वा वर्ष झाले होते. उद्घाटनाला अण्णा भाऊंना बोलावले. पृथ्वीचा भार कोणा शेषाच्या फण्यावर नाही, तो कष्टकरी दलितांच्या तळहातावर आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. पुराणातली कल्पना घेऊन तिच्यातून देव काढायचा आणि माणूस बसवायचा, ही गणातली युक्तीच पुन्हा.

दुसऱ्याच वर्षी, 1959 साली, ‘फकिरा’ कादंबरी आली आणि अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. फकिरा हा वाटेगावचाच मांग, अण्णा भाऊंच्या नात्यातला. कादंबरीत फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आपल्या गावासाठी हिसकावून आणतो आणि त्यात त्याचे मस्तक जाते. मान गावाचा, देव गावाचा, मस्तक मांगाचे. पुढे दुष्काळ आणि रोगराई येते, पोरे भुकेने तडफडतात, इंग्रजांच्या कायद्याने मांगांवर हजेरी बसते. तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो, खजिना लुटतो, आणि आपल्या माणसांना सरकारने कोंडले तेव्हा त्यांच्यासाठी स्वतः हजर होऊन फासावर जातो. बाप जोगणीसाठी मेला, मुलगा भाकरीसाठी मेला. एका पिढीत केवढे अंतर काटले गेले! नवदीक्षित घरांनी ही कादंबरी मोठ्याने वाचावी, असे मला वाटते ते या कारणाने.

‘स्मशानातील सोनं’ ही कथा मात्र मी वर्गात वाचली तेव्हा पोरे बराच वेळ बोलली नाहीत. वारणेकाठचा धट्टाकट्टा भीमा मुंबईजवळच्या एका दगडाच्या खाणीत कामाला असतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो रात्री मसणातली राख चाळून, मढी उकरून सोन्याचा कण शोधतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेताच्या तोंडात बोटे घालतो, जबडा मिटतो आणि बोटे गमावावी लागतात. आणि मग बातमी येते की खाण सुरू झाली. भीमाला मढे उकरायला कोणी लावले? नशिबाने नव्हे, काम बंद करणाऱ्याने. ही गोष्ट अण्णा भाऊ कोठेही ओरडून सांगत नाहीत. ती वाचणाऱ्याला आपोआप कळते, म्हणून तो लेखक मोठा.

पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथांचे अनेक संग्रह, वग, पोवाडे, एक प्रवासवर्णन. 1961 साली ते रशियाला जाऊन आले. त्यांचे साहित्य रशियन भाषेत गेले होते. आणि हे सगळे लिहिले कोठे? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. पत्र्याची झोपडी, पावसाळ्यात आत-बाहेर सारखेच. पुस्तके खपत होती, त्यांवर चित्रपट निघत होते, पण लेखकाच्या घरात पैसा पोचत नव्हता. जयवंताबाईंनी त्यांच्याबरोबर हे दिवस काढले. त्यांच्याविषयी लिहिणारे फारसे कोणी निघाले नाहीत.

शेवटची वर्षे वाईट गेली. घरचे माणूस तुटले, पक्षातले जुने सोबती पांगले, प्रकृती ढासळली, दारू वाढली. सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले, तेव्हा त्यात राहायला फार दिवस उरले नव्हते. 18 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले. वय एकोणपन्नास पुरे व्हायला दोन आठवडे कमी. पुढच्याच महिन्यात, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. नंतर मान मिळत राहिले. 2002 साली टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले, 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

आजीच्या सवालाला मी काय उत्तर दिले? दारूबद्दल मी सारवासारव केली नाही. पाचवे शील सगळ्यांना सारखे आहे, शाहिरालाही. दुसऱ्यांच्या दुःखाचे कारण ज्याने इतके अचूक सांगितले त्याला स्वतःच्या घरातले दुःख आवरले नाही, हे पोरांना खरे सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे की, त्याच्या पोवाड्यांवर सभा जिंकणारे पुष्कळ होते, त्या झोपडीची चौकशी करणारे थोडे. भिक्खू आजारी पडला तर त्याची सेवा संघाने करावी, असे तथागतांनी घालून दिले आहे. आपण आपल्या शाहिरांसाठी तेवढेही केले का, हा प्रश्न मी आजींना नाही, आमच्या मंडळाच्या बैठकीत विचारला होता. तेथे विषय पुढे ढकलला गेला.

धम्म न घेण्याबद्दल म्हणाल तर ते मार्क्सच्या वाटेने गेले आणि अखेरपर्यंत त्या वाटेवर राहिले. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूला याच प्रश्नावर भाषण केले. दोन्ही वाटांना शोषण नको आहे, पण रक्तपाताचा आणि हुकूमशाहीचा मार्ग आपला नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. तो निर्णय आपला आहे. अण्णा भाऊंचा तो नव्हता. तरी बाबासाहेबांच्या पश्चात त्यांचा जग बदलण्याचा निरोप गाण्यात बांधून गावोगाव पोचवणारा शाहीर हाच, आणि ते गाणे आज आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत गायले जाते. आजींनी ते गाणे ऐकलेले होते, त्या रचणाऱ्याचे नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

तसबीर सध्या भिंतीवर आहे. बुद्धमूर्तीच्या शेजारून ती समोरच्या भिंतीवर गेली, तडजोड म्हणून. हलगी माळ्यावरच आहे. ना चुलीत गेली, ना खाली आली. मी शाळेच्या कपाटातला ‘फकिरा’ मुलाला दिला. रात्री जेवणे झाल्यावर तो वाचतो आणि घर ऐकते. परवा म्हणाला, राणोजी जोगणी घेऊन वाटेगावच्या शिवेकडे घोडा पळवतो आहे, येथपर्यंत वाचून झाले. आजोबा पुढचे आत्ताच वाच म्हणत होते, पण वीज गेली.